रक्तवाहिनीच्या गाठीत डीएनए मोजून काय कळतं? मावशीचा रिपोर्ट आलाय, सल्ला हवा

कृष्णाकाठची | १२ फेब्रुवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

माझी मावशी, वय ६४, सांगलीजवळ असते. सात वर्षांपूर्वी डाव्या बाजूला ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालं, फक्त गाठ काढली होती आणि मग पंचवीस शेक दिले रेडिएशनचे. त्यानंतर सगळं छान चाललेलं, दर वर्षी तपासणी, मॅमोग्राफी, काही नाही. दिवाळीत अभ्यंगस्नानाच्या दिवशी तेल लावताना तिला त्याच जागेवर कातडीवर एक जांभळट डाग दिसला, नखाएवढा. तिला वाटलं फडताळाचं दार लागलं असेल. हळदीचा लेप लावला आणि कुणाला काही बोलली नाही. संक्रांतीला मी गेले तेव्हा एकाचे तीन झाले होते आणि मधला थोडा उंचवट्यासारखा लागत होता हाताला.

बायोप्सी केली. रिपोर्टात लिहिलंय की रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींपासून निघालेली वाढ आहे, पेशी थोड्या वेगळ्या दिसतात, पण रेडिएशननंतरचं साधं एटिपिकल व्हॅस्क्युलर लीजन (रक्तवाहिन्यांची थोडी वेगळी दिसणारी, पण कॅन्सर नसलेली वाढ) आहे की अँजिओसार्कोमा (रक्तवाहिन्यांचा कॅन्सर) हे एवढ्याशा तुकड्यावरून नक्की सांगता येत नाही, पुढच्या तपासण्या कराव्यात.

आता माझे मामा, निवृत्त प्राध्यापक आहेत, त्यांनी कुठूनतरी वाचून काढलंय की अशा गाठींच्या पेशीतला डीएनए मोजतात, नॉर्मल निघाला तर गाठ चांगली, जास्त निघाला तर वाईट. त्यांच्या ओळखीच्या एका लॅबमध्ये मशीन आहे म्हणे. ही टेस्ट करावी का? त्यावर भरवसा ठेवावा का? कुणी या क्षेत्रातलं असेल तर प्लीज सांगा. झोप उडालीय.

मोतीची_आई | १२ फेब्रुवारी, रात्री ११:०५

ताई काळजी घ्या, मावशीला माझा नमस्कार सांगा. मला उत्तर माहिती नाही पण धागा वर ठेवते.

बाईंचा_फळा | १३ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

मी शाळेत जीवशास्त्र शिकवते, पॅथॉलॉजीतलं कळत नाही, पण डीएनए मोजणे म्हणजे काय एवढं सांगते, बाकीचे पुढे भर घालतील. आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशीत ४६ गुणसूत्रं, म्हणजे २३ चे दोन संच, त्याला आपण द्विगुणित म्हणतो, इंग्रजीत डिप्लॉइड. पेशी दोन होण्याआधी डीएनएची नक्कल करते, त्यामुळे काही काळ तिच्यात दुप्पट डीएनए असतो, मग वाटणी होऊन परत मूळ पदावर. कॅन्सरच्या पेशीत या वाटणीचा गोंधळ होतो, एकीला जास्त गुणसूत्रं, दुसरीला कमी. १९१४ साली बोव्हेरी नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने समुद्री अर्चिनच्या अंड्यांवरचं निरीक्षण धरून हे मांडलं होतं, तेव्हा गुणसूत्रं नीट मोजायची सोयही नव्हती.

मुलं द्विगुणित शब्दावर दर वर्षी हसतात कारण लग्नपत्रिकेत 'आपल्या उपस्थितीने आनंद द्विगुणित होईल' असं असतं ना. एकदा लक्षात राहिला की कायमचा राहतो मात्र.

सूक्ष्मदर्शी | १३ फेब्रुवारी, दुपारी २:३०

ताई, मी पॅथॉलॉजिस्ट आहे. स्लाइड न बघता निदान सांगणार नाही, ते तुम्हीही कुणाकडून ऑनलाईन घेऊ नका. पण तुमचा प्रश्न अगदी नेमका आहे म्हणून सविस्तर लिहितो.

डीएनए मोजणं म्हणजे रद्दीवाल्याचा काटा. गठ्ठ्याचं वजन किती ते चोख सांगेल, पण त्यात पोथी आहे की परवाचा पेपर ते काट्याला कळत नाही. आणि दोन पुस्तकांची पानं फाडून एकमेकांत चिकटवली तरी वजन तेवढंच भरतं. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, कारण रक्तवाहिन्यांच्या काही गाठींत नेमकं हेच होतं. एपिथेलिऑइड हिमँजिओएन्डोथेलिओमा नावाची एक गाठ आहे, १९८२ साली वाइस आणि एन्झिंगर यांनी तिला वेगळी ओळख दिली. तिच्यात पहिल्या आणि तिसऱ्या गुणसूत्राचे तुकडे आपापसात बदलतात आणि डब्ल्यूडब्ल्यूटीआर१-कॅम्टा१ असं जोडजनुक तयार होतं, हे २०११ मध्ये उलगडलं. ही गाठ फुप्फुसात, यकृतात पसरू शकते. काट्यावर ठेवलीत तर वजन नॉर्मल दाखवू शकते.

म्हणजे मामांचं अर्धं बरोबर आहे. जन्मखुणेसारखे साधे हिमँजिओमा डिप्लॉइड असतात. अँजिओसार्कोमा मात्र काही डिप्लॉइड निघतात, काही अनूप्लॉइड, म्हणजे गुणसूत्रांचा हिशोब बिघडलेले. मग डिप्लॉइड आलं म्हणून सुटलो असं म्हणायचं कसं?

तुमच्या मावशींच्या बाबतीत योग्य प्रश्न वेगळा आहे: एमवायसी जनुकाच्या प्रती वाढल्यात का? रेडिएशननंतर येणाऱ्या अँजिओसार्कोमात आठव्या गुणसूत्रावरचं हे जनुक बहुतेक वेळा अनेक पटींनी वाढलेलं असतं, आणि साध्या एटिपिकल लीजनमध्ये तसं नसतं. फिश नावाची टेस्ट आहे, त्यात जनुकावर चमकणारे ठिपके लावून प्रती मोजतात, त्याच बायोप्सीच्या ब्लॉकवर (तुकडा मेणात बसवून ठेवतात तो) होते. ती मागा.

जुनंखोड | १३ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:५०

डॉक्टरांशी थोडा असहमत. मी सर्जन होतो, आता प्रॅक्टिस थांबवली. नव्वदीच्या दशकात डीएनए प्लॉइडीवर, म्हणजे याच डीएनए मोजण्यावर, आम्ही सगळे फार विसंबून होतो आणि उगाच नाही. सार्कोमात मशीनच्या आलेखावर अनूप्लॉइड शिखर दिसलं की मी मार्जिन, म्हणजे गाठीभोवतीचा काढायचा भाग, मोठं घ्यायचो आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. फिश सगळीकडे होत नाही, खर्चिक आहे, थांबायला लागतं. डिप्लॉइड आलं तर निदान घरच्यांना दोन दिवस झोप तरी लागेल, त्यालाही किंमत असते. ओळखीने होत असेल तर करून टाका, बिघडत काय.

सूक्ष्मदर्शी | १३ फेब्रुवारी, रात्री ८:२०

सर, अनूप्लॉइड आलं तर संशय वाढतो हे मान्यच. माझा विरोध दुसऱ्या बाजूला आहे. डिप्लॉइड वाचून जी झोप लागेल तिचीच मला भीती वाटते. आणि बिघडतं ते असं, की तुकडा लहान आहे. फ्लोसाठी, म्हणजे या डीएनए मोजायच्या मशीनसाठी, ब्लॉकमधून जाड काप गेले की फिशला काय उरणार?

पॅराफिनवाला | १४ फेब्रुवारी, सकाळी ९:००

या विषयावर कुणी बोलेल असं आयुष्यात वाटलं नव्हतं!! मी २९ वर्षं हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन, आणि ही टेस्ट मी स्वतःच्या हाताने शेकड्यांनी केलेली आहे म्हणून सांगतो डॉक्टर काय म्हणतायत ते.

साध्या स्लाइडसाठी आपण चार-पाच मायक्रॉनचा काप घेतो, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. फ्लोसाठी पन्नास मायक्रॉनचे लागतात, कारण पातळ कापात केंद्रकंच अर्धी चिरली जातात आणि मशीनला ती कमी डीएनएची वाटतात, डावीकडे नुसता कचरा दिसतो. जाड काप मायक्रोटोमवरून (काप घ्यायचं यंत्र) उतरताना गुंडाळी होते त्याची, चॉकलेटच्या सालीसारखी. त्या गुंडाळ्या टेस्टट्यूबमध्ये, मग झायलीनमध्ये मेण विरघळवायचं, मग अल्कोहोल कडक ते सौम्य असं उतरत पाण्यापर्यंत यायचं, मग पेप्सिन, पीएच दीड, सदतीस डिग्री, म्हणजे थोडक्यात पोटात जे होतं तेच नळीत. मधेमधे हलवायचं. टिश्यू विरघळून केंद्रकं सुटी झाली की पाणी धुरकट होतं, ते बघितलं की बरं वाटायचं. मग नायलॉनच्या जाळीतून गाळायचं. १९८३ साली हेडलीने ही पद्धत काढली त्याआधी फक्त ताज्या टिश्यूवरच व्हायचं, ह्याच्यामुळे कपाटातले जुने ब्लॉक उघडता आले.

मग प्रोपिडियम आयोडाइड, डीएनएत जाऊन बसतं, लेझर पडला की लाल चमकतं, जेवढा डीएनए तेवढी चमक. ते आरएनएलाही चिकटतं म्हणून आधी आरएनेज घालून आरएनए संपवायचा.

ताज्या टिश्यूसोबत आम्ही कोंबडीचं रक्त चालवायचो. हो, कोंबडीचं. तिच्या लाल पेशीत केंद्रक असतं, माणसाच्या नसतं, आणि तिचा डीएनए माणसाच्या साधारण एक तृतीयांश, म्हणून मापाला वजन ठेवल्यासारखं. सकाळी कामावर जाताना हेपॅरिनची (रक्त गोठू न देणारं औषध) नळी घेऊन चिकनच्या दुकानात थांबायचो, दुकानदार आधी घाबरला होता, नंतर स्वतःच विचारायचा आज सायेब कुठे.

आता मुद्दा. मेणाच्या ब्लॉकमध्ये हे माप चालत नाही, फॉर्मॅलिनमध्ये किती तास पडून होतं त्यावर रंग कमीजास्त धरतो. म्हणून आम्ही सगळ्यात डावीकडचं शिखर डिप्लॉइड धरायचो. धरायचो! म्हणजे ते मोजलेलं नसतं, मानलेलं असतं. गाठीतल्या पेशींचा डीएनए कमी असला तर तेच शिखर डिप्लॉइड म्हणून रिपोर्टात जायचं. आणि दोन केंद्रकं चिकटून गेली की मशीनला एकच दुप्पटवालं वाटतं. मी पन्नास रिपोर्टात तरी शेरा लिहिला असेल, 'अर्थ लावता येत नाही'.

लेझर_पुणे | १४ फेब्रुवारी, सकाळी ११:३०

काका, वा! हा प्रतिसाद कुणीतरी जपून ठेवा.

मी इन्स्ट्रुमेंटेशनवाला, आकडे घालतो. पेशीतला डीएनए म्हणजे दोन्ही संच मिळून साधारण ६४० कोटी अक्षरं. समजा एमवायसीच्या आसपासचा १० लाख अक्षरांचा तुकडा २० जादा प्रतींत आहे. म्हणजे वाढले २ कोटी. ६४० मध्ये २, म्हणजे ०.३ टक्के. आणि शिखराची रुंदी, ज्याला सीव्ही म्हणतात, ती ताज्या टिश्यूत दोन-तीन टक्के आणि मेणातल्या टिश्यूत पाच किंवा त्याहून जास्त. म्हणजे ज्या बदलावरून निदान ठरणारे तो या मशीनला दिसणारच नाही. ट्रकच्या वजनकाट्यावर ड्रायव्हरच्या खिशातली नाणी मोजण्यासारखं आहे हे.

बाळंतघुटी | १४ फेब्रुवारी, दुपारी १:१०

माझ्या लेकीला दीड महिन्याची असताना पापणीवर लाल स्ट्रॉबेरीसारखी गाठ आली होती, बघता बघता वाढली. हिमँजिओमा. तेव्हा मी वेड्यासारखी वाचत सुटले होते, 'पेशी वेगाने विभागतात' एवढं वाचून रडले. डॉक्टरांनी समजावलं की वेगाने वाढणं आणि बिघडणं वेगळं. प्रोप्रानोलॉल दिलं, बीपीचं औषध, २००८ मध्ये फ्रान्समध्ये बोर्दोला एका बाळाच्या हृदयासाठी देताना योगायोगाने लक्षात आलं की गाठ विरतेय. आता लेक पहिलीत आहे, जवळून बघितलं तर फिकट डाग दिसतो.

सूक्ष्मदर्शी, अशा गाठीत डीएनए मोजला तर काय दिसेल?

सूक्ष्मदर्शी | १४ फेब्रुवारी, दुपारी ३:४५

वाढीच्या महिन्यांत नक्कल करणाऱ्या पेशी जास्त दिसतील, म्हणजे दोन शिखरांच्या मधला भाग भरलेला, पण मूळ शिखर जागेवरच. तुमच्या डॉक्टरांनी अगदी नीट सांगितलं. उलट बाजूही आहे, निरोगी यकृतातल्या कित्येक पेशी चार संचांच्या असतात आणि प्लेटलेट बनवणाऱ्या मेगाकॅरिओसाइट तर ६४ संचांपर्यंत जातात, त्यांना कुणी कॅन्सर म्हणत नाही.

शिफ्ट_बी | १४ फेब्रुवारी, रात्री ९:३०

थोडं अवांतर. मी पीव्हीसीच्या प्लांटमध्ये ३० वर्षं काढली. अँजिओसार्कोमा हा शब्द आम्हाला ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी शिकवला होता. १९७४ च्या जानेवारीत अमेरिकेत केंटकीतल्या लुईव्हिलमध्ये एकाच कारखान्याच्या कामगारांत यकृताच्या अँजिओसार्कोमाच्या तीन केसेस बाहेर आल्या, एवढा दुर्मिळ रोग एका गेटच्या आत तिघांना. कारखान्याच्या डॉक्टरच्या लक्षात आलं, डॉ. क्रीच. कारण व्हिनाइल क्लोराइड गॅस, ज्यापासून पीव्हीसी बनतं. तोवर तिथे हवेत ५०० पीपीएमपर्यंत (दहा लाखात ५०० भाग) चालायचं, ते १ पीपीएमवर आणलं. आमच्या रिअॅक्टरच्या आत उतरून पापुद्रे खरवडणारे जुने लोक होते, त्यांच्या आठवणीने आजही पोटात कालवतं. तिथे कुणी डीएनए मोजला नव्हता, एका डॉक्टरने माणसं मोजली.

मोतीची_आई | १५ फेब्रुवारी, सकाळी ८:००

शिफ्ट_बी काका, शेवटचं वाक्य वाचून थांबले थोडा वेळ.

माझा मोती जर्मन शेफर्ड होता. नऊ वर्षांचा. एका सकाळी उठेचना, हिरड्या पांढऱ्याफटक. स्प्लीनची (प्लीहेची) गाठ फुटली होती, हिमँजिओसार्कोमा, अँजिओसार्कोमाचाच कुत्र्यातला प्रकार. व्हेट म्हणाले कुत्र्यांत हा खूप आढळतो, शेफर्ड आणि गोल्डन रिट्रीव्हरमध्ये जास्तच. माणसात इतका दुर्मिळ आणि कुत्र्यात इतका नेहमीचा, म्हणून त्यावर संशोधन करणारे कुत्र्यांकडूनच शिकतात असं म्हणाले. सगळ्यांनी मोठ्या कुत्र्यांची सोनोग्राफी करून घ्या हो.

बाईंचा_फळा | १५ फेब्रुवारी, सकाळी ८:४०

कुत्र्यात ७८ गुणसूत्रं असतात. मोतीला आठवण म्हणून सांगते.

न्यूजर्सी_मिसळ | १६ फेब्रुवारी, पहाटे ५:२०

कृष्णाकाठची ताई, एक प्रॅक्टिकल सांगतो, वहिनीच्या वेळी शिकलो. हॉस्पिटलकडून स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक दोन्ही मागा, पेशंटच्या नातेवाइकाला सही करून मिळतात, आणि सार्कोमा रोज बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे सेकंड ओपिनियनला द्या. मुंबईत परळला टाटा आहे. वहिनीचा ब्लॉक आम्ही रिक्षात विसरलो होतो आणि त्या रिक्षावाल्याने संध्याकाळी पाकिटावरचा नंबर बघून फोन केला, त्या माणसाचे उपकार आम्ही जन्मात विसरणार नाही.

कृष्णाकाठची | ९ मार्च, रात्री ११:५०

मंडळी, खूप दिवसांनी येतेय. तुमच्या सगळ्यांचे प्रतिसाद मी मावशीच्या शेजारी बसून वाचले, कोंबडीचा किस्सा तिला मोठ्याने वाचून दाखवला, खूप हसली.

आता काय झालं ते. मामांनी आमच्याआधीच, म्हणजे धागा काढला त्याच आठवड्यात, एका ब्लॉकचे काप त्या ओळखीच्या लॅबला दिले होते. रिपोर्ट आला 'डिप्लॉइड, डीएनए इंडेक्स १.०', म्हणजे डीएनए नॉर्मलइतकाच. मामांनी पेढे आणले. वाटले सगळ्यांना. मावशीने देवापुढे ठेवला. मी काही बोलू शकले नाही, मला सूक्ष्मदर्शींचं वाक्य आठवत होतं आणि सगळे इतके खूश होते.

दुसरा ब्लॉक सुदैवाने शिल्लक होता. तो आणि स्लाइड घेऊन मी स्वतः मुंबईला गेले. एमवायसी फिश पॉझिटिव्ह. तिथल्या मॅडमनी मला मायक्रोस्कोपमध्ये दाखवलं, अंधारी खोली, निळी केंद्रकं, प्रत्येकीत दोन हिरवे ठिपके आणि लाल ठिपक्यांचा, म्हणजे एमवायसीच्या प्रतींचा, हा एवढा घोस, द्राक्षाच्या घडासारखा. बाजूच्या साध्या पेशीत दोन हिरवे दोन लाल. मला काही शिकलेलं नसताना कळलं.

अँजिओसार्कोमा आहे. सीटी केला, सध्या दुसरीकडे कुठे दिसत नाही. पूर्ण ब्रेस्ट आणि शेक दिलेली कातडी काढणार आहेत.

मामा फार खचलेत. माझ्यामुळे उशीर झाला असता म्हणतात.

जुनंखोड | १० मार्च, सकाळी ६:३०

कृष्णाकाठची, मुली, मी जे लिहिलं होतं 'करून टाका, बिघडत काय', ते चुकीचं होतं. सूक्ष्मदर्शी बरोबर होते. मामांना माझ्याकडून सांग की तीस वर्षं सर्जरी केलेल्या माणसाचंही तेच मत होतं, तेव्हा त्यांनी स्वतःला दोष लावून घेऊ नये. मार्जिनबद्दल सर्जनशी मोकळेपणाने बोला, डाग दिसतो त्याच्या बरंच पलीकडे हा आजार कातडीत पसरलेला असू शकतो.

पॅराफिनवाला | १० मार्च, सकाळी ९:१०

ताई, लॅबने खोटं लिहिलं नसणार. छोट्या तुकड्यात निम्म्या पेशी तरी साध्या असतात, लिम्फोसाइट, चरबी, कातडीच्या, सगळं एकत्र विरघळवल्यावर कोण कुणाचं ते उरतच नाही. मावशींना माझा नमस्कार. कोंबडीवाल्याचा अजून एक किस्सा आहे, ऑपरेशननंतर लिहितो त्यांच्यासाठी.

बाळंतघुटी | १० मार्च, सकाळी १०:००

नक्की लिहा काका. ताई, मी तुमच्याबरोबर आहे, सांगलीत माझं माहेर आहे, डबा, मुक्काम काहीही लागलं तर मेसेज करा.

लेझर_पुणे | १० मार्च, दुपारी १२:१५

सूक्ष्मदर्शी, मग आता ही प्लॉइडी कुठेच वापरत नाहीत का? इतक्या लोकांनी इतकी वर्षं केलं ते सगळं वाया?

सूक्ष्मदर्शी | १० मार्च, रात्री ९:४०

वाया अजिबात नाही. लहान मुलांच्या ल्युकेमियात डीएनए इंडेक्स १.१६ च्या वर असला तर ते चांगलं लक्षण, तिथे आजही बघतात, आणि तिथे जास्त डीएनए म्हणजे चांगली बातमी हे विशेष. द्राक्षगर्भात, म्हणजे मोलर प्रेग्नन्सीत, तीन संच आहेत की दोन यावरून प्रकार ठरतो. पण ब्रेस्ट कॅन्सरसाठी अमेरिकेच्या क्लिनिकल ऑन्कॉलॉजी सोसायटीने १९९६ मध्येच सांगितलं की यावर उपचार ठरवण्याइतका पुरावा नाही. रक्तवाहिन्यांच्या गाठीत आता आम्ही आधी सीडी३१ आणि ईआरजी (पेशी ओळखायच्या खुणा) लावून पेशी खरंच अस्तराच्या आहेत का बघतो, मग त्या त्या गाठीचा नेमका प्रश्न विचारतो: रेडिएशन झालं असेल तर एमवायसी, कापोसी सार्कोमाचा संशय असेल तर एचएचव्ही-८ हा विषाणू, बाळाच्या गाठीत ग्लूट१ हे प्रथिन, आणि हिमँजिओएन्डोथेलिओमा वाटला तर कॅम्टा१.

ताई, मावशींनी हळदीच्या लेपाबद्दल स्वतःला बोल लावून घेतला असेल तर त्यांना सांगा, हा डाग डॉक्टरांनाही मार लागल्यासारखाच दिसतो. आणि इथे वाचणाऱ्या सगळ्यांना विनंती, घरात कुणाला शेक दिलेले असतील तर त्या जागेवर जांभळा डाग दोन आठवड्यांत गेला नाही की दाखवा. पाच, सात, दहा वर्षांनीही.

कृष्णाकाठची | ११ मार्च, सकाळी ७:०५

सांगितलं तिला आत्ताच. म्हणाली, 'मग मी हळद लावली म्हणून नाही ना वाढलं?' गेले चार महिने हे मनात धरून बसली होती, कुणाला बोलली नव्हती.

सोमवारी ऑपरेशन आहे. मामा येतायत सोबत, उरलेल्या ब्लॉकची पावती त्यांनीच मागून घेतली आणि स्वतःच्या खिशात ठेवलीय.